कर्ता

पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला मंगळवारी.
बाजार गुरुवारी असतो,
गर्दी नको असणार कुणाला तरी.
कागद कन्नडमधला, गल्ली मराठी,
आणि मी गंगव्वाची लेक.
आई गोकाकची, म्हणून माझ्या तोंडात दोन्ही.
मांडीवरचं सूप, सुपातली भिजली पानं
तिथंच ठेवून बायकांनी मला हाताला धरून नेलं.
"वाच."

बिडी कामगारांच्या घरांची यादी.
चाळीस नावं वर. सात नावं खाली, वेगळी.
मी आधी मनात वाचलं.
मग मोठ्यानं, जरा मऊ करून,
काढा गरम नसतानाही
आपण पोरासाठी फुंकर घालतो तसं.

हौसाबाई सुतगट्टी. मुमताज नदाफ.
रत्नाबाई केस्ती, तिची सून, तिची जाऊ.
आणि दोन सुगंधा.
कार्डावरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही म्हणे.
एकीकडे हौसाबाई, दुसरीकडे हवसाबाय.
दोन लिपींत दोन बायका झाल्या
आणि घर एकीलाही नाही.

"कुणी काढलं?" हौसाबाईनं विचारलं.
मी परत कागदात शोधलं.
तेगेदु हाकलागिदे.
काढून टाकण्यात आलेले आहे.

शाळेत गुरुजी फळ्यावर लिहायचे,
गाईने कडबा खाल्ला. कर्ता कोण?
आम्ही सगळ्या ओरडायचो, गाय!
इथं खाल्लेलं तेवढं दिसतंय,
गाय कुठंच नाही.
खाली सहीच्या जागी 'सही' असा नुसता शब्द,
एक तिरकी रेघ, एक आडवी.

वाक्यात जागा मोकळी होती.
सात बायकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.
सगळ्यात जवळचं तोंड माझं होतं.

"तूच असं वाचालीस."
"हिचं नाव बरं ऱ्हायलं वर."
"आईची भाषा शेवटी."

माझं नाव उमा.
दोन्हीकडे अक्षरं दोनच,
चुकायला जागा नाही.
हे मी सांगितलं असतं तर आणखीच वाईट दिसलं असतं.

संध्याकाळी कट्टे मोजून द्यायला गेले
तर रांगेत माझ्या पुढं हातभर मोकळं, मागंही हातभर.
मुनशी म्हणाला, काय गं, आज ऐसपैस?

एक सांगायचं राहिलं.
राहिलं नाही, मी लपवलं.
कागद चिकटवत होता वालीकाराचा बसू,
बोटांना खळ, पँटीला खळ, तेरा वर्षांचा.
सगळ्यांच्या आधी मीच त्याच्यावर खेकसले होते,
मुडद्या, असलं काय आणून लावलंस आमच्या भिंतीला?
तो म्हणाला, बाबानं दिलं, मी लावलं.
मला ते पटलं नव्हतं.

श्रावणात आम्ही चिक्कोडीला गेलो,
आम्ही म्हणजे त्या सात एका बाकड्यावर
आणि मी दारापाशी.
क्लार्कनं कॉम्प्युटरकडं बोट केलं.
कॉम्प्युटरवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर धूळ.
तो म्हणाला, वरून आलंय.
मी त्याचं मराठी केलं.
रत्नाबाईनं छताकडं बघितलं,
तिथं पंखा होता, बंद.
परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी मिळून
क्लार्कच्या आईबापाचा उद्धार केला.
मला बरं वाटलं.
जवळजवळ निपाणी येईपर्यंत बरं वाटलं.

काल हौसाबाई आली, चार महिन्यांनी.
उंबऱ्याबाहेरच थांबली.
हातात लाईटचं बिल.
माझ्याकडं न बघता सुपातल्या दोऱ्याकडं बघत
तिनं कागद पुढं केला.
मी तंबाखूचे हात पदराला पुसले,
चष्मा शोधला.

"जरा बघून वाच," ती म्हणाली,
"गेल्या खेपेसारखं नको."